वाटाड्या : कोणी नाही

४ मार्च

अक्का,

खुशाली विचारायचा हक्क मला उरला आहे की नाही, ठाऊक नाही. तरी विचारतो. तुझा गुडघा कसा आहे? मेंढ्या किती राहिल्या? त्या लंगड्या मेंढीला यंदा कोकरू झालं का?

फोन तू उचलत नाहीस. शाळेतल्या बाईंना केला तर त्या म्हणाल्या, "तुमचा नंबर दिसला की त्या फोन पालथा ठेवतात आणि वर दगड ठेवतात." दगड कशाला, हे मी विचारलं नाही. म्हणून पत्र लिहितो आहे. बाई ते तुला वाचून दाखवतील. बाई, तुम्हाला तसदी देतो, माफ करा.

मागच्या मे महिन्यात मी माळाच्या पाहणीला येणार होतो आणि तू तिठ्यावर येऊन थांबणार होतीस. ते जमलं नाही. त्या दिवशी आमच्या जीपचं चाक पंक्चर झालं. स्टेपनीतही हवा नव्हती. फोनला रेंज नव्हती, निरोप देता आला नाही. नंतर कामाच्या रगाड्यात राहून गेलं ते राहूनच गेलं. एवढ्यावरून दहा महिने अबोला धरावास असं मला वाटलं नव्हतं, पण तू थोरली आहेस, तुला काय सांगायचं.

आता कामाचं लिहितो. जिल्ह्याचा नवा नकाशा तयार झाला आहे. कुठली जमीन कशाखाली आहे आणि तिथे रानातली जनावरं-पाखरं कितपत नीट राहू शकतात, हे त्यात चौकोना-चौकोनाने दाखवलं आहे. शाळेतल्यासारखे शून्य ते शंभर गुण असतात. आपला माळ त्यात 'पडीक' या सदरात आला. गुण आठ. आठ म्हणजे तिथे राखण्यासारखं काही नाही, असा अर्थ होतो. त्यामुळे तिथे सूर्यप्रकाशावर वीज करणारी पॅनेलं बसवायचं ठरतं आहे. काम चांगलंच आहे, धूर नाही की आवाज नाही. हे कोणा एका माणसाच्या हातात नसतं, अक्का. वरून उपग्रह चित्र काढतो, कॉम्प्युटर रंग भरतो, आम्ही आपले मधले हमाल. हरकत घ्यायला वीस एप्रिलपर्यंत मुदत आहे, पण कोणी घेईल असं दिसत नाही.

मला वाटतं, तू मेंढ्या विकून टाकाव्यात आणि आमच्याकडे यावं. मागची खोली रिकामीच आहे. तुझी भावजयही तेच म्हणते.

रोज सकाळी देवापुढे बसतो तेव्हा तुझी आठवण काढतो.

तुझा धाकटा


१९ मार्च

अक्का,

तुझं कार्ड मिळालं. बाईंच्या सुंदर अक्षरात तुझा आवाज वाचताना कसं वाटलं, ते सांगता येत नाही. कार्ड पाठ झालं आहे, तरी पुन्हा उतरवतो, म्हणजे मी पुरतं वाचलं हे तुला कळेल.

"धाकट्या, पत्र शाळेच्या पायरीवर वाचलं. पोस्टमन होता, पाण्याला आलेल्या दोघी होत्या. सगळ्यांनी ऐकलं. पंक्चर झालेल्या गाडीची धूळ थांबते. तुझ्या गाडीची धूळ ओढ्यापर्यंत सरळ गेली, मी बघत उभी होते. मागची खोली तुझ्या बायकोलाच असू दे. गुडघा बरा आहे. तुझा सांभाळ. सांगणारी, तुझी बहीण." आणि खाली बारीक अक्षरात, "यातला एकही शब्द मी बदललेला नाही. – बाई."

चाक पंक्चर झालं नव्हतं.

पत्र पायरीवर वाचलं जाणार आहे हे आता माहीत असल्यामुळे पुढचं लिहायला हात जड झाला आहे. पण तू ऐकवणार असशील तर ऐकव.

आमचं काम कसं चालतं ते नीट सांगतो, म्हणजे मी काय केलं ते तुला कळेल. उपग्रहाच्या चित्रात कोरड्या दिवसांतलं गवत तपकिरी दिसतं. उघडा खडकही तपकिरी दिसतो. कॉम्प्युटरला दोन्ही सारखेच. उलट फळबाग त्याला गर्द हिरवी दिसते. खालच्या अंगाला गेल्या पंधरा वर्षांत बागा झाल्या ना, तिथे फवारणीमुळे मुंगीसुद्धा टिकत नाही. पण चित्रात तो भाग आपल्या माळापेक्षा देखणा दिसतो. म्हणूनच तर माणूस पाठवतात. नकाशावर आधी ठिपके टाकलेले असतात. माणसाने प्रत्येक ठिपक्यावर जाऊन उभं राहायचं, चारी दिशांना पाहायचं, पायाखाली पाहायचं. बिळं, लेंड्या, पिसं, अंड्यांची टरफलं, पायवाटा, जे दिसेल ते तक्त्यात लिहायचं. आपल्या माळावर एकेचाळीस ठिपके होते.

तक्त्यात शेवटी दोन रकाने असतात. एक, 'पाहणी कशी केली – प्रत्यक्ष की दुरून'. दुसरा, 'वाटाड्या', म्हणजे त्या भागातलं माहितगार कोण सोबत होतं.

मी एकेचाळीसपैकी एकाही ठिपक्यावर उतरलो नाही. रस्त्यावरून, जीपच्या खिडकीतून पाहिलं. एकेचाळीस वेळा लिहिलं : पडीक, खडकाळ, जनावरांची खूण नाही. पुढे 'प्रत्यक्ष'वर बरोबरची खूण केली. वाटाड्याच्या रकान्यात लिहिलं : कोणी नाही.

ऊन फार होतं. गुडघा माझाही दुखतो, आपल्याकडे तो वडिलांकडूनच आला आहे. शिवाय साहेब नवे होते, त्यांना चारच्या आत परतायचं होतं. तू तिठ्यावर उभी होतीस हे मला दिसलं नाही. धूळ फार होती.

मला आठवतंय, मी चौथीत असताना गणितात आठ गुण पडले होते. वडील मला रागावले नाहीत. माळावर घेऊन गेले आणि म्हणाले, "बस." मी बसलो. म्हणाले, "काय दिसतं?" मी म्हणालो, "गवत." ते म्हणाले, "आणखी बस." अर्ध्या तासाने मला गवताच्या बुंध्यांमधून ससोबाचा रस्ता दिसला, बोटभर रुंद, झाडून काढल्यासारखा. मग तसे चार दिसले. मग एका खुरट्या झुडपाखाली चंडोलाचं घरटं दिसलं, माझ्या पायापासून दोन हातांवर. वडील म्हणाले, "माळ उभ्याने रिकामा दिसतो, बसून भरलेला." तू मागे मेंढ्यांमध्ये उभी राहून हसत होतीस. म्हणालीस, "याला आता रोज नापास करा."

त्या माळाला मी आठ गुण दिले.

तुझा धाकटा


२ एप्रिल

अक्का,

पार्सल पोहोचलं.

ते ऑफिसच्या पत्त्यावर का पाठवलंस, ते मी समजलो. घरी आलं असतं तर मी ते कपाटावर टाकलं असतं. ऑफिसात सगळ्यांच्या देखत उघडावं लागलं. शिपायाने टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "साहेब, याला मेंढीचा वास येतोय." सगळे हसले. मीही हसलो. एवढं आधी लिहून टाकतो.

जुन्या धोतराचा तुकडा, वडिलांच्याच असणार. त्यात एकोणीस लहान पुरचुंड्या. प्रत्येकीत एकेक वस्तू आणि चिमूटभर माती. टिटवीच्या अंड्याचं टरफल आणि काळी माती. सशाच्या लेंड्या आणि भुरकट खडी. सापाची कात आणि पांढरी माती. पोपटी किड्याचं कवच, चंडोलाची पिसं, घोरपडीचं नख. आणि एका पुरचुंडीत खोकडाच्या केसांचा पुंजका, बरोबर तांबूस माती. शेजारचे लोक जमले. एक जण म्हणाला, "ही माती कशाला घातलीय? वजन वाढवायला?" कोणाला कळलं नाही. मला पहिली पुरचुंडी सोडताच कळलं.

तुला लिहिता येत नाही, म्हणून जागेचं नाव लिहिण्याऐवजी तू जागेची माती घातलीस. काळी म्हणजे ओढ्याचं वळण. भुरकट खडी म्हणजे मधली टेकडी. पांढरी म्हणजे चुनखडीचा उतार, तिथे मी पडून हनुवटी फोडली होती. तांबूस म्हणजे तिठ्याच्या वरचा बांध, खोकडाचं बीळ. मी नकाशा काढला आणि पुरचुंड्या एकेका ठिपक्यावर ठेवत गेलो. सतरा बसल्या. दोन मातींची जागा मला आठवली नाही. पंचवीस वर्षं जमिनीच्या ऑफिसात काढली, अक्का, आणि आपल्या माळाच्या दोन माती मला ओळखता आल्या नाहीत.

तेवढ्यात साहेब बाहेर आले. "हे कोणी पाठवलं?"

मी म्हणालो, "तिकडच्या एका बाईने."

तिकडच्या एका बाईने. हे दुसऱ्यांदा झालं. आता पहिल्यांदा काय झालं ते सांगतो. बाई, पुढचं वाचताना थांबू नका, पायरीवर कोणीही असो.

तू मला दिसली होतीस.

जीप तिठ्याला यायच्या आधीच दिसली होतीस. अंगात वडिलांचा जुना कोट होता. डोक्याला फडकं होतं. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या, एक काळी, एक निळी. एवढ्या लांबून चपला मला कशा दिसल्या असतील? पण दिसल्या. भोवती मेंढ्या होत्या. तू एका हाताने गाडी थांबवायची खूण करत होतीस आणि दुसऱ्या हातात बोचकं उंच धरलं होतंस. मीच तुला वर्षभर आधी फोनवर सांगितलं होतं, "अक्का, साहेबाला नुसतं सांगून पटत नाही, पुरावा लागतो." तू वर्षभर पुरावा गोळा केला होतास.

ड्रायव्हरने गाडी हळू केली. म्हणाला, "बाई हात करतेय. कुठं सोडायचंय का काय तिला?"

साहेब म्हणाले, "गाठोडं दाखवतेय. काही विकत असेल. तुमच्या ओळखीची आहे का?"

मी म्हणालो, "नाही साहेब. इकडं मेंढरं राखणारे असतात, गाडी दिसली की हात करतात."

ड्रायव्हर म्हणाला, "मग थांबू नको?"

मी म्हणालो, "चला. ऊन चढतंय."

तुझ्याजवळून गाडी गेली तेव्हा मी मांडीवरच्या तक्त्यात बघत होतो. काही लिहिल्यासारखं करत होतो. कागदावर त्या जागी नुसती रेघ आहे. अजून आहे.

कारण सांगितलं तर लाज कमी होत नाही, पण अर्धवट सांगण्याचीही आता लाज वाटते. नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारलं, "वडील काय करायचे?" मी म्हणालो, शिक्षक. का म्हणालो, देव जाणे. सगळ्यांचे वडील काही ना काही होते. माझेही असावेत असं वाटलं. एकदा तोंडातून गेलं की ते फाइलला लागतं, काढता येत नाही. नव्या साहेबांना ते कोणीतरी आधीच सांगितलं होतं. जीपमध्ये तिठ्याच्या अलीकडे दोन किलोमीटरवर ते मला म्हणाले होते, "शिक्षकाचा मुलगा, तरीच तक्ते इतके स्वच्छ." आणि पुढे तू उभी होतीस, त्याच वडिलांचा कोट घालून.

त्या दिवशी मी तिठ्यावर उतरलो असतो तर तू म्हणाली असतीस, "आलास का धाकट्या?" आणि सगळं उघडं पडलं असतं. माळावर उतरलो असतो तरी तू मागून आली असतीस. म्हणून मी एकाही ठिपक्यावर उतरलो नाही. ऊन, गुडघा, चार वाजता परतणं, हे सगळं मी नंतर जुळवलं. एका खोट्याला झाकायला माळ पडीक करावा लागला.

मागच्या खोलीचंही खरं सांगतो. मी बायकोला विचारलं होतं. ती म्हणाली, "माझी ना नाही. पण त्या आल्या की शेजाऱ्यांना काय सांगणार आहात? शिक्षकाची मुलगी मेंढ्या का राखते ते?" मी पेपर उघडला. ती म्हणाली, "मला तरी किती वर्षं त्या खोट्यात भागीदार ठेवणार?" आणि भाजी चिरायला गेली.

सकाळी देवापुढे बसतो, पण हल्ली डोळे मिटत नाही. मिटले की तिठा दिसतो.

वीस तारखेला अठरा दिवस आहेत.

धाकटा


१४ एप्रिल

अक्का,

तुझं कार्ड नाही. पोस्टमनने पत्र पोहोचवलं, हे बाईंनी फोनवर सांगितलं. वाचून झाल्यावर तू उठून मेंढ्या सोडल्यास, एवढंच त्या म्हणाल्या. मी पुढे विचारलं नाही. मग त्यांनीच सांगितलं की तिठ्याच्या वरच्या अंगाला यंत्र आलं होतं. पॅनेलं आणायला रस्ता हवा म्हणून मंजुरीच्या आधीच बांध सपाट केला. कोणीतरी अडवलं तर यंत्रवाला म्हणाला, "अहो, ही तर पडीक आहे, नकाशात लिहिलंय." मी विचारलं, "बीळ?" बाई म्हणाल्या, "त्या दोन दिवस तिथे जाऊन बसतायत. जनावर दिसलेलं नाही." मग म्हणाल्या, "पिलं होती, असं त्या सांगतात."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पण त्याने खोकडाचं काय भलं होणार?

काल साहेबांच्या खोलीत गेलो. अकरा वाजता. रात्रभर जुळवलेली वाक्यं होती, एकही आठवलं नाही. मी धोतराचं बोचकं त्यांच्या टेबलावर ठेवलं. म्हणालो, "साहेब, ही बाई माझी थोरली बहीण आहे."

ते म्हणाले, "कोण बाई?"

त्यांच्या लक्षातही नव्हतं. मी अकरा महिने ज्या गोष्टीत जळत होतो ती त्यांना आठवतही नव्हती. मग तिठा, हात, गाठोडं, सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "हां. ती विकणारी."

मी म्हणालो, "ती विकत नव्हती. माझ्या सांगण्यावरून पुरावा घेऊन आली होती. माझे वडील शिक्षक नव्हते. मेंढ्या राखायचे. आणि माळाचे एकेचाळीस ठिपके मी पाहिलेले नाहीत. तक्ता खोटा आहे."

साहेबांनी पेनला टोपण लावलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, "तुमची नऊ वर्षं राहिलीत. याचा अर्थ कळतो ना? चौकशी लागेल. एखाद्या गावकऱ्याकडून हरकत येऊ द्या, आपण फेरपाहणी लावू, तुमचं नाव कुठे येणारच नाही."

मोह झाला, अक्का. खोटं बोलणार नाही, मोठा मोह झाला. तुझ्याच नावाने हरकत टाकली असती, तुझा अंगठा घेतला असता, आणि मी पुन्हा कागदात खाली बघत बसलो असतो. तिसऱ्यांदा.

मी म्हणालो, "माझं नाव यायला हवं."

दुरुस्तीचा अर्ज मी त्यांच्यासमोरच भरला. एकेचाळीस ओळींमध्ये 'प्रत्यक्ष' खोडून 'दुरून' लिहिलं आणि प्रत्येक खोडीवर सही केली. हात दुखायला लागला, बरं वाटलं. मातीवरून ओळखलेले सतरा ठिपके वेगळे दाखवले, पुढे तुझ्या वस्तूंची यादी जोडली. सरतेशेवटी वाटाड्याच्या रकान्यापाशी आलो. 'कोणी नाही' खोडलं. लिहिलं :

'माझी थोरली बहीण. हजर होती. मी थांबलो नाही.'

साहेबांनी वाचलं. म्हणाले, "शेवटचं वाक्य तांत्रिक नाही. काढू या?"

मी म्हणालो, "राहू द्या साहेब."

त्यांनी राहू दिलं.

बाहेर आलो तर शिपाई म्हणाला, "काय झालं? चेहरा असा का?" मी म्हणालो, "माझे वडील मेंढपाळ होते." तो म्हणाला, "मग? माझे खाटीक होते." आणि चहा आणायला गेला.

एवढंच होतं ते. एवढ्यासाठी मी पंचवीस वर्षं…

पुढचं लिहवत नाही.

धाकटा


९ मे

अक्का,

निकाल लागला, तो आधी सांगतो. बाई, हे सावकाश वाचा, आकडे आहेत.

पॅनेलांचं काम थांबवलं आहे. कायमचं नाही. पाऊस पडून गवत वर आल्यावर माळाची पुन्हा पाहणी होईल, पायी, एकेका ठिपक्यावर. गुण तेव्हा ठरतील. एकेचाळीसपैकी सात ठिपके मात्र रस्त्याखाली गेले आहेत. ते आता नकाशात 'रस्ता' म्हणून दिसतील, आणि रस्ता जवळ असला की आजूबाजूच्या चौकोनांचे गुणही घटतात, तसा नियमच आहे. सातांमध्ये तांबूस मातीचा ठिपका आहे. तो मी तुला परत देऊ शकत नाही. खोकडाच्या मादीने पिलं वेळेत दुसरीकडे नेली असतील, अशी प्रार्थना मी करतो. पण प्रार्थनेचा असा उपयोग करताना मला संकोच वाटतो. जे मी मोडलं ते देवाने परस्पर जुळवून द्यावं, हे मागणं बरं नव्हे.

पाहणीला मी नसेन. चौकशी होईपर्यंत मला बाहेरचं काम नाही, तळघरात जुने नकाशे लावतो आहे. वीस वर्षांपूर्वीचा आपल्या भागाचा नकाशा परवा हाताला लागला. मीच शाईने रंगवलेला आहे. तेव्हा मी तिकडे पायी फिरलो होतो. माळावर माझ्या अक्षरात लिहिलं आहे : 'गवताळ. ससे, खोकड, टिटवी. चंडोल पुष्कळ.' तो माणूस कोण होता, असं बराच वेळ वाटत राहिलं.

पाहणीला एक तरुण मुलगी येईल. हुशार आहे, पण शहरातली आहे. उभ्याने बघते. तिला मी एवढंच सांगितलं की तिठ्यावर एक बाई थांबलेली असेल, तिच्या मागे जा, ती बस म्हणाली की बस. ती म्हणाली, "किती वेळ बसायचं?" मी म्हणालो, "त्या सांगतील." वाटाड्याच्या रकान्यात तुझं नाव ती तुला विचारून लिहील. तेवढं ओरडू नकोस तिच्यावर.

तुझी भावजय म्हणते, मागची खोली आवरली आहे, राहायला नसलं तर नसलं, दोन दिवस या. या वेळी हे ती खरंच म्हणाली.

आणि आता तुझं कार्ड. बाईंनी त्यात एवढंच लिहिलंय, "धाकट्या, दोन माती ओळखल्या नाहीस म्हणतोस. त्या घेऊन ये. रस्त्याने येऊ नकोस." पुढे सही नाही, खुशाली नाही, माफ केलं असंही नाही. असावं अशी माझी अपेक्षाही नाही. तू ऐकून घेतलंस, पायरीवर सगळ्यांसमोर ऐकून घेतलंस, हे पुष्कळ झालं.

रविवारी येतो. त्या दोन पुरचुंड्या खिशात असतील. बसमधून अलीकडच्या पुलाला उतरेन आणि ओढ्याच्या कडेने चालत येईन. दहा वाजेपर्यंत तिठ्यावर पोहोचेन, गुडघ्याने साथ दिली तर. तू लवकर येऊन उन्हात थांबू नकोस. तुझ्या वेळेला मेंढ्या घेऊन ये. मी उभा असेन.

तुझ्याबरोबर कोणी असेल आणि त्याने विचारलं, हा कोण हात करतोय, तर काय सांगायचं ते तू ठरव. ओळखीचा नाही म्हणालीस आणि मेंढ्या घेऊन सरळ पुढे गेलीस, तरी मी तिथेच बसेन. उभा राहणार नाही. बसेन.

धाकटा